सिस्टरना विचारा : पायाची पट्टी, किती घट्ट?

मागच्या अंकात पायांच्या फुगलेल्या शिरांवर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सवर लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच येऊन पडला. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न : कुठल्या कंपनीचा मोजा घेऊ? त्या सगळ्यांना एकच उत्तर. डॉक्टरांनी पायाची मापं घेऊन लिहून दिलेला घ्या. उरलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतलेत. माझी नोकरी आधी सर्जिकल वॉर्डात आणि नंतर नर्सिंग स्कूलमध्ये पोरींना बँडेजिंग शिकवण्यात गेली. त्यामुळे पट्टीचा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं, हे आधीच सांगून ठेवते.

सिस्टर, मी एसटीत कंडक्टर होतो. उभं राहून राहून पोटरीच्या नसा वर आल्यात. घोट्याच्या आतल्या बाजूला जखम आहे, ती वर्षभर भरत नाही. डॉक्टर मलम साधंच देतात आणि घट्ट पट्टी बांधा म्हणतात. नुसत्या कापडानं जखम कशी भरेल? हे नवीन फॅड आहे का? — निवृत्त वाहक, बीड जिल्हा

फॅड म्हणाल काका, तर दोन-अडीच हजार वर्षं टिकलेलं आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर जखमांविषयी एक ग्रीक ग्रंथ आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की जखम असेल तर उभं राहणं बरं नव्हे, आणि ती पायावर असेल तर मुळीच नव्हे. कंडक्टरला हे कोण सांगणार! पण उभं राहण्याचा आणि न भरणाऱ्या जखमेचा संबंध त्या लोकांच्या लक्षात आला होता एवढं खरं.

आपल्याकडे सुश्रुतानं सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात पट्ट्यांचे १४ प्रकार सांगितलेत. हातापायांसाठी त्यातला 'अनुवेल्लित', म्हणजे गुंडाळत नेलेला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. पट्टी किती आवळायची याच्या त्यानं तीन पायऱ्या केल्या : गाढ, सम आणि शिथिल. मांडीवर गाढ, हातापायांवर सम, सांध्यांवर शिथिल. वर्गात मी हे फळ्यावर लिहायची, कारण पहिल्या वर्षाच्या पोरींना पट्टी सुंदर दिसली की पुरे वाटतं. मात्र सुश्रुतानं कॉम्प्रेशन थेरपी शोधली असा मेसेज कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर पुढे ढकलू नका. त्याचा विचार जखम झाकण्याचा आणि भरून आणण्याचा होता, शिरांतला दाब उतरवण्याचा नव्हे.

तुमच्यासारख्याच जखमेची एक खरी गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आम्ब्रोझ पारे हा फ्रेंच राजाचा सर्जन. १५५३ मध्ये एस्दँचा किल्ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्यानं घेतला आणि पारे आत अडकला. मोठा माणूस आहे असं कळलं तर खंडणीही मोठी मागतील, म्हणून त्यानं आपला मखमली कोट आणि साटिनचा अंगरखा एका शिपायाला देऊन टाकला, त्याचे फाटके कपडे स्वतः घातले आणि सदऱ्याची कॉलर काजळीनं मळवली. पण एका मेलेल्या सरदाराचं शव टिकवण्याचं काम अंगावर आलं, ते त्यानं इतकं नीट केलं की पितळ उघडं पडलं. सॅव्हॉयच्या ड्यूकनं आपल्याकडे नोकरी कर म्हटलं, यानं नकार दिला. तेव्हा ड्यूक त्याला गॅलीवर वल्ही मारायला धाडायला निघाला. तेवढ्यात ग्राव्हलीनचा गव्हर्नर व्होदव्हील पुढे आला. त्याच्या पायावर सहा-सात वर्षांची जखम होती, कुणाच्या औषधानं न भरलेली. सौदा ठरला : जखम बरी कर, खंडणीशिवाय सोडतो. पारेनं जखम साफ केली, फुगलेल्या शिरेवर कापडाची छोटी घडी ठेवली आणि पाऊल ते गुडघा अशी पट्टी गुंडाळत नेली. जखम भरत आली आणि पारे सुटला. आता सांगा काका, ज्या कापडानं कैद सुटली त्याला 'नुसतं' म्हणायचं का?

पुढे इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाचा सर्जन रिचर्ड वाइजमन यानं कातड्याचा मोजा काढला. बुटाची नाडी ओढतो तशी नाडी ओढून तो आवळायचा. त्याचं पुस्तक १६७६ मधलं, म्हणजे आपल्याकडे महाराज राज्य करत होते तेव्हाचं. आणि १७९७ मध्ये ब्रिस्टलच्या टॉमस बेंटननं पायाभोवती चिकटपट्टीचे पट्टे ओढून लावायची रीत छापली. त्याचा माझ्या लेखी मोठा गुण हा, की रोग्याला खाटेवर न झोपवता तो चालता ठेवायचा. पायाच्या जखमा तेव्हाही मजुरांना व्हायच्या, आणि मजुराला महिनाभर झोपून राहणं परवडत नव्हतं.

तुमचं मलम साधं आहे ते यामुळेच. तुमची जखम औषधाच्या कमतरतेनं अडलेली नाही. घोट्याशी अशुद्ध रक्त तुंबून राहतं, तिथली कातडी आतून भिजत आणि उपाशी मरत राहते. पट्टी ते तुंबणं कमी करते, मग कातडी आपलं काम करते. फक्त पट्टी बांधण्याआधी डॉक्टरांनी पावलाची नाडी तपासली होती ना, एवढं विचारून घ्या. कारण पुढे येईलच.

पट्टी नेहमी बोटांकडून वर बांधतात. वरून खाली आलो तर काय बिघडतं? आणि सगळीकडे सारखी ओढली तर दाब सारखा पडतो का? — एक विज्ञान शिक्षिका, सातारा

बाई, तुमच्याच पाठ्यपुस्तकातल्या नीला (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या) आणि रोहिणी (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या) इथे कामाला येतात. पाडुआच्या फाब्रिसियसनं १६०३ मध्ये नीलांमधल्या झडपा चित्रांसकट छापल्या, पण त्या कशासाठी आहेत ते त्याला नीट उमगलं नाही. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वे. त्यानं १६२८ मध्ये दाखवलं, की या झडपा रक्ताला एकाच दिशेनं, हृदयाकडे जाऊ देतात. हार्वेची रीत तुम्ही वर्गात करून बघा : दंडाला पट्टी बांधून शीर फुगवायची आणि बोटानं रक्त हाताच्या पंज्याकडे ढकलायचं. ते झडपेशी अडतं.

आता पायाचं बघा. उभं राहिलं की हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा भार नीलेत घोट्याशी पडतो, साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याइतका. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू नीलांना पिळतात, रक्त वर जातं, झडपा ते परत येऊ देत नाहीत, आणि धडधाकट माणसाचा दाब ३० च्या खाली येतो. झडपा सैल झाल्या की चालूनही तो उतरत नाही. बाहेरून पट्टी बांधली की फुगलेली नीला बारीक होते, झडपेची पानं जवळ येतात आणि पोटरीला पिळायला कठीण भिंत मिळते. पट्टी बांधून चालायचं ते याचसाठी. बांधून खुर्चीत बसलात तर निम्मा फायदा गेला.

वरून खाली बांधलं तर वर करकोचा पडतो आणि खालचं रक्त खालीच अडकतं. पाऊल भज्यासारखं फुगतं. मी ते फार वेळा पाहिलंय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लाप्लासच्या नियमात आहे. ताण तोच असेल, तर गोलाई जितकी लहान तितका खालचा दाब जास्त. घोटा बारीक, पोटरी जाड. म्हणून एकाच ताकदीनं ओढत वर गेलात तरी घोट्यावर जास्त आणि वर कमी असा उतरता दाब आपोआप पडतो, आणि हवा असतो तोही तसाच. पण हाच नियम नडतोही. नडगीच्या हाडाची कड म्हणजे फारच लहान गोलाई, तिथे दाब टोचतो आणि कातडी फाटते. म्हणून आधी कापसाचा थर देऊन पाय गोल करायचा. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलनं १९८८ मध्ये चार थरांची पट्टी छापली तिच्यात पहिला थर कापसाचा आहे, मग क्रेप, मग लवचीक पट्टी, शेवटी स्वतःला चिकटणारी. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब, आणि तो आठवडाभर टिकणारा. हट्टी, न भरणाऱ्या १४८ जखमांपैकी ७४ टक्के १२ आठवड्यांत भरल्या. नुसतं क्रेप बँडेज दोन तासांत ढिलं पडतं, हे तुम्हाला कुठलीही वॉर्डातली सिस्टर सांगेल.

माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. फोटोत त्यांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत. त्या शिरांसाठी होत्या का? — एक वाचक, खटाव तालुका

नाही. त्या लोकरी पट्ट्या काटेकुटे, खडे आणि चिखल यांच्यापासून राखण म्हणून आणि पोटरीला आधार म्हणून. पायदळवाले त्या खालून वर बांधत, घोडदळवाले गुडघ्याकडून खाली. त्यावरूनच कळतं की रक्ताचा विचार त्यात नव्हता. उलट फ्रान्सच्या खंदकांत ओल्या पायांवर घट्ट बूट आणि घट्ट पट्ट्या राहिल्या की पावलाचा रक्तपुरवठा आणखी अडायचा, आणि 'ट्रेंच फूट' होऊन बोटं जायची. बूट-पट्ट्या सैल ठेवा, असं सैनिकांना बजावावं लागलं. फोटो जपून ठेवा.

आईला १५ वर्षं मधुमेह आहे. पायाला सूज आली म्हणून एका दवाखान्यात क्रेप बँडेज आवळून बांधलं. रात्री ती कळवळत होती, आम्हाला वाटलं सवय होईल. सकाळी दोन बोटं काळीनिळी दिसली. मोठ्या डॉक्टरांनी वेळेवर सोडलं म्हणून बोटं वाचली. चूक कुणाची? — एक मुलगी, ठाणे

चूक कुणाची हे पत्रावरून ठरवणार नाही. काय घडलं ते सांगते.

आतापर्यंत मी नीलांबद्दल बोलले. रक्त वर जायला अडतं, त्याला पट्टी मदत करते. तुमच्या आईंचा त्रास बहुधा रोहिण्यांचा होता. त्यात रक्त खाली पोचायलाच अडतं. मधुमेहात आणि तंबाखू-विडी ओढणाऱ्यांत रोहिण्या आतून चिंचोळ्या होतात. असा पाय बाहेरून आवळला की जे थोडंफार पोचत होतं तेही थांबतं. पट्टी बांधल्यावर दुखणं वाढलं, बोटं गार किंवा बधीर पडली, रंग बदलला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोन वाजता का होईना, पट्टी सोडायची. सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

हा धोका काही आडगावातल्या दवाखान्यापुरता नाही. १९८७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये स्कॉटलंडच्या सर्जनांची एक पाहणी आली. पट्टीनं किंवा घट्ट मोज्यानं पायाला इजा झालेला रोगी गेल्या काही वर्षांत पाहिलाय का, असं विचारलं. जवळपास तिसऱ्या हिश्शानं होय म्हटलं, आणि काहींचे पाय कापावे लागले होते. त्यानंतर एक सोपी तपासणी पक्की झाली. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब छोट्या डॉप्लर यंत्रानं मोजायचा आणि एकाला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर एकाच्या आसपास आलं तर ठीक. ०.८ च्या खाली आलं तर पूर्ण ताकदीची पट्टी बांधायची नाही. मधुमेहात मात्र रोहिण्या कडक होऊन हा आकडा खोटा चांगला दिसू शकतो, म्हणून तिथे आकड्यावर न थांबता पावलाची आणखी तपासणी करावी लागते.

आणि हे वाचून चमकाल : सुश्रुताच्या त्याच अठराव्या अध्यायात कुठल्या जखमांना पट्टी बांधू नये याची यादी आहे, आणि तिच्यात मधुमेह्यांच्या पिटिका, म्हणजे पुळ्या, आहेत. डॉप्लर नव्हतं, पण बांधल्यावर काय होतं ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं असणार.

रोहिण्यांच्या रोगातही दाबाचा उपयोग करून बघितलाय हेही सांगते. १९३० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या रीड आणि हर्मन यांनी पाय एका काचेच्या बुटात ठेवून आतली हवा आळीपाळीनं खेचायची आणि भरायची असं यंत्र वापरलं, नाव 'पॅव्हेक्स'. हवेच्या पंपाचे आजचे उपचार वेगळे आणि खूप सुधारलेले आहेत, पण ते रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाच्या हाती. घरी ऑनलाइन मागवलेलं मसाज मशीन आईंच्या पायाला लावू नका.

मोज्यावर 'क्लास २' लिहिलंय. अमेरिकेतल्या मुलानं पाठवलेल्या मोज्यावर नुसते आकडे आहेत. आणि हा मोजा काढला कुणी? — एक आजोबा, पुणे

आकडे वाचा, क्लास विसरा. हे मी रागानं सांगतेय, कारण ब्रिटिश मापात क्लास २ म्हणजे १८ ते २४ मिलिमीटर आणि जर्मन मापात २३ ते ३२. शब्द एक, पाय दोन. डॉक्टरांनी जो मिलिमीटरचा आकडा लिहिलाय तो डब्यावर शोधा.

मोजा काढला कुणा एकानं नव्हे. गुडइयरनं १८४४ मध्ये रबर पक्कं करायच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि मग रबराचा धागा विणता येऊ लागला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या हेन्री मार्टिननं शुद्ध रबराची पट्टी आणली. आमच्या पुस्तकात तिचं नाव होतं, पण ती घालून घामानं कातडी उकडायची म्हणे. हॅम्बुर्गच्या उन्नानं रबर सोडून झिंक ऑक्साइड, जिलेटिन आणि ग्लिसरिन यांचा लेप कापडात मुरवला. तो वाळून बुटासारखा कडक व्हायचा, आणि त्याचं नाव अजून 'उन्ना बूट'च आहे.

पण ज्याला आपण आज मोजा म्हणतो, घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा, तो कॉनराड जोब्स्टचा. जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत ओहायोच्या टोलेडो शहरात राहणारा इंजिनिअर. त्याला स्वतःलाच शिरांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पाय हलके होतात हे त्याच्या लक्षात आलं. डॉक्टर असता तर 'बरं वाटतं' म्हणून सोडून दिलं असतं. इंजिनिअर असल्यानं त्यानं हिशोब केला. पाणी खोल तितका दाब जास्त. कमरेएवढ्या, म्हणजे मीटरभर पाण्यात घोट्यावर सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब पडतो, आणि वर येताना तो कमी कमी होत जातो. तोच उतार त्यानं कापडात विणला, साधारण १९५० च्या सुमाराला. माझ्या मते या सगळ्या इतिहासात खरी उडी ही. तोवर सगळे कापड बदलत होते. यानं दाब मोजला.

बाबांना पक्षाघात झाला. हॉस्पिटलमध्ये पायांत गुठळी होऊ नये म्हणून मांडीपर्यंतचे पांढरे मोजे का घालत नाहीत, असं विचारलं तर डॉक्टर नको म्हणाले. शेजारच्या खाटेवरच्या ऑपरेशनच्या पेशंटला मात्र होते. — एक वाचक, नाशिक

डॉक्टर बरोबर आहेत. ऑपरेशनच्या रोग्यात त्या हलक्या मोज्यांचा उपयोग आहे. पक्षाघातात त्याची मोठी चाचणी झाली, निकाल २००९ मध्ये आला, २,५१८ रोगी. मोजे घातलेल्यांत मोठ्या गुठळ्या १०.० टक्के, न घातलेल्यांत १०.५. म्हणजे फरक नाहीच, वर कातडीला फोड आणि जखमा जास्त. २०१३ मध्ये हवेच्या पंपाच्या पट्ट्यांची चाचणी झाली, तिथे मात्र १२.१ वरून ८.५ टक्क्यांवर आलं. पंपाची सोय आहे का ते विचारा.

आमच्या भागात हत्तीरोग खूप. गोळ्या घेतल्या, पाय काही बारीक होत नाही. पट्टीचा उपयोग होईल का? आणि मोजा धुवायचा कसा? — आशा कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा

ताई, गोळी जंतांसाठी. आधीच तुंबलेल्या लसिकेला, म्हणजे त्या सुजेला गोळी हलवत नाही. आलेक्सांडर फॉन विनिवार्टर या सर्जननं १८९२ मध्येच असल्या पायासाठी स्वच्छता, मालिश, पट्टी आणि हालचाल असा जोड सांगितला. आज केरळात कासरगोडच्या त्वचारोग संस्थेत हत्तीरोगाच्या पायांवर धुणं, आयुर्वेदिक काढ्यात पाय बुडवणं, योगासनं आणि पट्टी असं सगळं मिळून करतात, आणि पेशंटच्या घरच्यांना पट्टी बांधायला शिकवतात. मला तोच भाग मोलाचा वाटतो, कारण रोज सकाळी कुणी सिस्टर घरी येणार नाही.

क्रम चुकवू नका. आधी साबण-पाण्यानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, चिखल्या झाल्या असतील तर मलम. ताप असेल, पाय लाल आणि गरम असेल तर पट्टी बंद, आधी डॉक्टर. मग सकाळी उठल्या उठल्या, सूज कमी असताना, बोटांपासून वर पट्टी. रात्री काढायची की ठेवायची ते डॉक्टर पट्टीच्या प्रकारावरून सांगतील. लवचीक मोजा बहुतेक वेळा झोपताना काढतात.

मोजा रोज कोमट पाण्यात साध्या साबणानं धुवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. चढवताना हातात रबरी मोजे घाला म्हणजे पकड येते. रोज वापरला तर सहा महिन्यांनी तो बदलायला येतो. दिसायला धड असला तरी तोवर त्याचा ताण गेलेला असतो. आणि इस्त्री मुळीच नाही.